बांधावरचा होकार

शिरोडा, गोवा,
दिवाळीच्या चार दिवस आधी

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले तिकडच्या, इंग्लंडातल्या शेताचे फोटो पाहिले. झुडपांच्या कुंपणाकडेने गवताची रुंद पट्टी सोडलेली आणि त्यापलीकडे गहू. तिकडे सरकार शेतकऱ्यापुढे यादी ठेवते, कुंपण राखा, कडेला गवत सोडा, हिवाळ्यात पाखरांना दाणे मिळतील असे काही पेरा. ज्याला जे जमेल ते त्याने निवडायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे, असे तू सांगितलेस. २०२२ साली सुरू झालेली ती योजना २०२५ च्या मार्चमध्ये नव्या अर्जांना अचानक बंद झाली, हेही तूच सांगितलेस. तेव्हापासून मनात एकच येते: ज्यांना आता पैसे मिळणार नाहीत, ते ती पट्टी ठेवतील का? तुझ्या शेतमालकिणीने ठेवली आहे म्हणतेस. मला ती बाई न भेटताच आवडली.

पत्र लिहायचे कारण तसेच आहे. आपल्या वाड्यावरचे लोक रसायनांशिवाय शेती करायचा गट करत आहेत. परंपरागत कृषी विकास योजना म्हणून केंद्राची योजना २०१५ पासून आहे, त्यात. आपली जमीन त्या गटात घालायची का, ते तुला विचारायचे आहे. साधारण २० हेक्टरांचा गट, तीन वर्षांची मुदत, हेक्टरी ३१,५०० रुपये आणि त्यातले १५,००० शेतकऱ्याच्या खात्यावर. नदीकाठी बांध घालून राखलेले आपले खाजन शेत पाऊण एकर, म्हणजे ०.३ हेक्टर. तीन वर्षांत साडेचार हजार रुपये! एवढ्यासाठी कोणी युरिया सोडत नाही. ज्याला सोडायचा आहे त्याला हात मिळतो, इतकेच. पण त्यातली एक गोष्ट मला फार पटली. प्रमाणपत्रासाठी बाहेरून तपासनीस येत नाही, गटातल्यांनीच एकमेकांची शेते फिरून पाहायची. खाजनात दुसरे काही चालतही नाही. माझ्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या तुकड्यात मारलेले तणनाशक ओहोटीबरोबर शेजाऱ्याच्या कुणग्यातून पोंयीच्या तळ्यात उतरते, आणि त्याच पोंयीतली शेवटे, काळुंद्र, सुंगटे ही मासळी दोघांच्या आमटीत येते. मी एकटीने फवारणी थांबवली म्हणून माझे पाणी काही वेगळे होत नाही.

तू चौथीत होतीस तेव्हाचे आठवते? त्या वर्षी बांधातल्या पाण्याच्या दाराशी, मानशीवर, मासे धरायचा लिलाव ज्याने घेतला होता, तो मासळी जास्त मिळावी म्हणून भरतीलाही फळ्या उघड्या ठेवायचा. मानस कशी चालते ते तुला बाबांनी बांधावर बसवून दाखवले होते: ओहोटीला आतले पाणी फळी ढकलून बाहेर पडते आणि भरती आली की नदीचेच पाणी फळी दाबून बंद करते. तिला माणसाने हात लावायची गरजच नसते, आणि लावला की असे होते. पाणी आत घुसून बांधाचा पाया खरवडत राहिले. त्यात खेकड्यांनी पाडलेली भोके. पुनवेच्या भरतीला बांध फुटला, आणि सकाळी आपल्या भातात कमरेएवढे खारे पाणी.

हे सगळे तुला माहीत आहे. माहीत नाही ते आज सांगते. ते भोक बाबांनी आठ दिवस आधी पाहिले होते. आपल्या कुणग्यासमोर नव्हते, म्हणून चिखल घालायला थांबले नाहीत. ज्यांच्या समोर होते त्यांनीही कोणीतरी घालील म्हणून सोडले. दोन पावसाळे खार धुऊन जायला लागले. बाबा शेवटपर्यंत त्या भोकाबद्दल बोलायचे, लिलाववाल्याबद्दल नाही.

त्यानंतरच त्यांनी खालच्या कुणग्यात पुन्हा कोरगूट हे जुने भात लावायला सुरुवात केली. तू हसायचीस, 'सगळे ज्योती लावतात आणि आपण हे उंच, लोळणारे भात का?' ज्योतीला उत्पन्न जास्त येते, हे खरेच. कोरगूट लोळले की कापणीचे यंत्र नीट चालत नाही, हातानेच कापावे लागते, आणि माणसे मिळत नाहीत. पण खार चढला तर ज्योती करपते आणि कोरगूट उभे राहते. ओल्ड गोव्याच्या संशोधन केंद्राने याच कोरगुटातून निवड करून गोवा धान १ आणि २ ही वाणे काढली आहेत, खार सोसणारी आणि जास्त देणारी. येत्या पावसाळ्यात वरच्या तुकड्यात तेच लावायचा विचार आहे. खालच्या तुकड्यात मात्र कोरगूटच ठेवीन. बी कोणाकडे तरी राहायला हवे.

बांधाच्या बाहेरच्या अंगाची तिवरे यंदा दाट झाली आहेत. लाटेचा आणि होड्यांच्या हेलकाव्याचा मार तीच खातात, बांधापर्यंत येऊ देत नाहीत. ती तोडायला कायदा देत नाही, हे सगळे जाणतात. पण न तोडणे वेगळे आणि राखणे वेगळे. गुरे आत शिरू न देणे, प्लास्टिक अडकले तर ओहोटीला उतरून काढणे, हे कोणत्या कायद्यात लिहिलेले नाही. बांधाच्या आतल्या बाजूला तिवर उगवली, तर ते शेत कोणीतरी सोडले आहे असे समजावे. पलीकडच्या खाजनात तशी कितीतरी उगवली आहेत. एकदा ती मोठी झाली की तिथे परत भात नाही. जाता-येता पाहते, आणि पोटात कालवते.

आता तुझ्याबद्दल. आपल्या गोव्याच्या कायद्याने अर्धी जमीन माझी आणि बाबांचा अर्धा वाटा तुम्हा दोघांचा. मुलगा-मुलगी फरक नाही. दादाने फोनवर 'आई, तू म्हणशील तसे' म्हटले. तसा होकार मला नको आहे, त्यालाही तेच सांगितले. तीन वर्षांतली पहिली दोन वर्षे उत्पन्न कमी येईल, तण हाताने काढायला मजूर लागतील, आणि माझे गुडघे पूर्वीसारखे नाहीत. मध्येच कोणी फवारणी केली तर सगळ्या गटाला बाध येतो. आपणच ते कोणी ठरू नये. तू नको म्हणालीस तर मी रागावणार नाही, आपला तुकडा बाहेर ठेवू आणि मी माझ्यापुरते आहे तसे करत राहीन. पण हो म्हणालीस तर तुला त्यात काय येते ते पाहून म्हण.

नव्या कोरगुटाचे लाल पोहे कांडून ठेवले आहेत. तुझ्या वाट्याचे बरणीत वेगळे काढलेत, नरकासुर जाळल्यावर इथे सगळ्यांनी खाल्ले तरी त्याला कोणी हात लावायचा नाही.

गटाचा कागद डिसेंबरपर्यंत माझ्याकडे आहे. तू आलीस की ओहोटीची वेळ पाहून मानशीपासून टोकापर्यंत बांधावर एकदा चालू. ज्या ठिकाणी बाबांनी भोक पाहिले होते तिथे मी थांबेन. त्यानंतर सही करायची की नाही ते ठरव.

तुझी,
आई