बोटीचे पार्ट आणि टॅक्सवर टॅक्स
संपादक साहेब,

यॉटवर, म्हणजे हौसेच्या बोटीवर, ४० टक्के जीएसटी लागला ते पेपरात आलं, ठीकच आहे, ज्याला परवडतं त्याने भरावा. पण आमच्यासारख्या बोटवाल्याला आउटबोर्डचा, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाचा, इम्पेलर नावाचा एक छोटा पार्ट परदेशातून मागवायला किती पडतो ते कोण लिहितंय? हिशोब बघा. सामान, विमा, भाडं धरून १०,००० रुपये झाले, त्यावर समजा १० टक्के कस्टम ड्युटी म्हणजे १,०००, मग त्या ड्युटीवर परत १० टक्के सरचार्ज, १०० रुपये. आता १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे बाहेरून आलेल्या मालावरचा जीएसटी, लागला तर तो १०,००० वर नाही हां, ११,१०० वर, म्हणजे १,९९८. झाले १३,०९८, आणि कुरिअरवाल्याचा क्लिअरन्सचा खर्च वेगळाच. मोठा डीलर भरलेला आयजीएसटी क्रेडिटमध्ये, म्हणजे त्याला पुढे भरायच्या जीएसटीतून, वळवून घेतो, ज्याच्याकडे जीएसटी नंबरच नाही तो कुठे वळवणार?

बरं, इम्पेलर म्हणजे काय तर मुठीत मावणारं रबराचं चक्र, पण वाळूने त्याची पाती झिजली की पाणी चढत नाही आणि इंजिन तापतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हाच सगळे इंजिन खोलतात, आणि नेमका पार्ट कस्टममध्ये अडकला की ऑगस्ट गेला बोंबलत. मच्छीमार सोसायट्यांना एकत्र स्पेअर मागवायला ड्युटीत सूट द्या, आणि कुठल्या पार्टला कस्टमचा कोणता कोड, किती ड्युटी याचा तक्ता मत्स्य खात्याच्या ऑफिसात मराठीत लावा.

– एक बोटवाला, मालवण