काळी माती, काळी शाई

रामबाग, इंदूर
दि. २२ जून

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

माळव्यासारखा रंगीत मुलूख समोर असताना मी रंगपेटी बंद करून गावाकडची दृश्ये नुसत्या काळ्या शाईत का काढतो, असे तू विचारले आहेस. खरे सांगायचे तर सुरुवात आळसाने झाली. देपालपूरकडे स्कूटरवरून जाताना पेटी, पॅलेट आणि ईझल सांभाळणे जमेना, म्हणून शाईची बाटली, दोन कुंचले आणि जाड हँडमेड कागद एवढेच पिशवीत टाकले.

ज्या इंदुरात देवळालीकर मास्तरांनी १९२७ साली चित्रकलेची शाळा काढली आणि जिथे बेंद्रे, हुसेन घडले, तिथे राहून रंग टाकून द्यावेत, याबद्दल एका वडीलधाऱ्यांनी मला टोमणाही मारला. मी निमूट ऐकून घेतला, कारण पहिली दहाबारा चित्रे खरोखरच फसली होती. काळी माती म्हणून मी बाटलीतली शाई जशीच्या तशी फासली आणि चुन्याची भिंत म्हणून कागद कोरा सोडला. सौ.ने चित्र पाहून विचारले, "ही विहीर का?" ते नांगरलेले शेत होते.

मे महिन्यात एका दुपारी कडुलिंबाखाली बसलो असताना चूक उमगली. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट झिजून झालेली ही माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि तिची ढेकळे राखेसारखी करडी पडतात. त्या ढेकळांवर ऊन थेट पडत होते, तर मागच्या घराची पांढरी भिंत पडवीच्या सावलीत होती. मुठीची नळी करून मी एकेक तुकडा वेगळा पाहिला, तेव्हा काळी माती उजळ आणि पांढरी भिंत तिच्याहून गडद निघाली! भिंत पांढरी आहे हे मनाला ठाऊक असल्यामुळे डोळा इतके दिवस ते कबूल करीत नव्हता.

तेव्हापासून मी चार बशांत शाई कमीअधिक पातळ करून घेतो आणि फिकटाकडून गडदाकडे जातो. या शाईतली लाख वाळली की थर पक्का बसतो. त्यावर दुसरा थर चढवला तरी खालचा ढवळत नाही, मात्र चुकलेला थर भिजवून उचलताही येत नाही. पांढरा म्हणजे कागदच, त्यामुळे बैलाच्या शिंगावरची उन्हाची कड आधी ठरवूनच सोडावी लागते.

फाल्गुनातल्या पळसाने मात्र मला हरवले. त्याचा तांबडा फुलोरा आणि शेजारच्या झुडपाचा हिरवा, दोन्ही उजेडाच्या हिशेबात जवळजवळ सारखेच, म्हणून शाईत ते एकाच करड्यात बुडाले. शेवटी पाकळ्यांचा नाद सोडला आणि फुलांचे मखमली काळपट कोश व वेड्यावाकड्या निष्पर्ण फांद्या तेवढ्या काढल्या. पळस ओळखू येतो, एवढेच त्याविषयी म्हणेन.

मागच्या आठवड्यात पाऊस झाला आणि माती एकदाची खरोखर काळी झाली, तर सऱ्यांत साचलेले पाणी आभाळ घेऊन सर्वांत उजळ! काल ते सोडायला विसरलो आणि रात्री ब्लेडने कागद खरवडत बसलो. पुण्याहून येशील तेव्हा बारीक टोकाचा एक चांगला गोल कुंचला घेऊन ये. इथले चार दिवसांत फिसकटतात.

तुझा,
वसंत