सूचना : चेन आणि इंजिन ऑइलसंबंधी

इंदूर येथील सर्व सभासदांस कळविण्यात येते की, मांडूच्या पावसाळी सहलीपूर्वी प्रत्येकाने आपल्या मोटरसायकलची चेन तपासून घ्यावी. इंजिन बंद ठेवून, मागचे चाक हाताने फिरवीतच ती पुसावी; गिअर टाकून फिरत्या चेनवर फडके धरण्याची काहींची सवय बोटांवर बेतू शकते. ओ-रिंगची चेन (जिच्या कड्यांच्या सांध्यांत आतले वंगण टिकविणाऱ्या रबरी चकत्या असतात ती) पेट्रोलने धुतल्यास रबर खराब होते, म्हणून रॉकेल वापरावे आणि कोरडी झाल्यावर आतल्या बाजूने ९० नंबरचे गिअर ऑइल किंवा चेनसाठीचा वंगण-स्प्रे लावावा. या दोहोंवरील आपला जुना वाद खुशाल चालू राहो. गिअर ऑइलला धूळ अधिक चिकटते, इतकेच.

इंजिन ऑइलबाबत मात्र सवलत नाही. आपल्या बहुतेक गाड्यांचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असल्यामुळे, घर्षण कमी करणारी रसायने घातलेले कारचे ऑइल टाकल्यास तो घसरू लागतो. तरी डब्यावर ‘जासो एमए’ (JASO MA) किंवा ‘एमए२’ (MA2) हे, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचे जपानी मानक दर्शविणारे शब्द पाहूनच खरेदी करावी. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी गाडीचे मॉडेल आणि मॅन्युअलमधील पान नमूद करून ते मांडावे. ‘आमचा मिस्त्री सांगतो’ एवढ्या आधारावर दुसऱ्यास वेड्यात काढू नये.