बुफे आणि खरकटा हात

महोदय,

लग्नसराई आली की बुफेतल्या गोंधळावर पत्रं येतात आणि दोष पाहुण्यांच्या वळणाला दिला जातो. खरं तर गोंधळ हातांच्या हिशेबात आहे. बुफे ही काट्या-चमच्यानं जेवणाऱ्यांची पद्धत. त्यांची बोटं अन्नाला लागत नाहीत, म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेताना डाव कोणीही धरला तरी बिघडत नाही. आपण हातानं जेवतो. डाव्या हातात ताट, उजवा हात खरकटा, मग आमटीचा डाव धरायचा कशानं?

पंगतीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण वाढपी स्वतः जेवत नसतो. त्याचा हात कोरडा असतो आणि डाव ताटाला न टेकवता तो वरून वाढतो. टेकला तर डावच काय, अख्खं पातेलं उष्टं. बुफेनं जेवणाऱ्यालाच वाढपी केलं आणि इथेच सगळं फिसकटलं.

उष्ट्याची रेघ सगळीकडे एकाच जागी नसते. मुंबईच्या भेंडीबाजारातले दाऊदी बोहरी साधारण आठ जण एका थाळाभोवती बसतात. यजमान चिलमची-लोटा आणून बसल्या जागी हात धुवून देतो, चिमूटभर मीठ चाखून सुरुवात होते, मग आधी गोड आणि नंतर खारं. थाळ एकच, पण प्रत्येकानं आपल्यासमोरचंच खायचं. इथिओपियात आंबोळीसारख्या आंबट, जाळीदार इंजेरावर सगळे मिळून जेवतात आणि मायेनं स्वतःच्या हातानं दुसऱ्याच्या तोंडात घास देतात. त्याला गुरशा म्हणतात. चीनमध्ये घरोघरी मधल्या भांड्यात आपापल्या काड्या घालण्याची रीत आहे. वाढायच्या वेगळ्या काड्या वापरा, असा प्रचार तिथे 2020 च्या साथीत जोरात झाला. जपानमध्ये एका काडीजोडीतून दुसऱ्या काडीजोडीत घास देणं घोर अशुभ, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. यातलं कोणीच बेशिस्त नाही. प्रत्येकाची भांडी आणि बसण्याची तऱ्हा त्याच्या रिवाजाला बेतलेली आहे. आपण मात्र भांडी आणि मांडणी एकाची घेतली, हात आपलेच ठेवले.

पंगत परत आणा, असं म्हणत नाही. पाचशे माणसांना तेवढी जागा आणि वाढपी कुठून आणणार? पण मांडणी बदलता येते. भांड्यांपुढे टेबलावर फूटभर मोकळी जागा ठेवली की ताट तिथे टेकवून डाव्या हातानं डाव धरता येतो. आपल्याकडे डाव्या हातानं वाढत नाहीत हे खरं, पण स्वतःपुरतं वाढून घेण्याला घरीही कोणी हरकत घेत नाही. डावाचा दांडा भांड्याच्या खोलीपेक्षा लांब आणि टोकाशी वाकवलेला हवा. आखूड दांडा आमटीत घसरतो, मग कोणीतरी बोटं घालून तो बाहेर काढतो आणि पुढच्या प्रत्येकाचा हात बरबटतो. पोळ्यांची चळत लावली तर एक काढताना चार उचकटतात, तीही बोटांनीच. प्रत्येक पोळीची घडी घालून शेजारी चिमटा ठेवावा. आमटी, रस्सा आणि तूप या तीन ठिकाणी तरी वाढायला माणूस उभा करावाच. पातळ पदार्थ हातात धरलेल्या ताटात एकट्यानं वाढून घेणं ही कसरत आहे. हात धुवायची सोय कार्यालयात बहुधा मागच्या कोपऱ्यात असते. ती रांगेच्या सुरुवातीला हवी, म्हणजे दुसऱ्यांदा येणारा हात धुऊनच येईल.

मठ्ठ्याचं पातेलं तर उघडं ठेवूच नये. पेला बुडवून घेणारे निघतातच. तोटीचं पिंप ठेवावं, पण आलं किसून न घालता वाटून, गाळून घालावं आणि कोथिंबीर पेल्यात वरून टाकावी, नाहीतर पहिल्या पन्नास पेल्यांतच तोटी तुंबते आणि झाकण काढून पेले पुन्हा आत बुडू लागतात.

— केटरिंग व्यवसायातील एक वाचक, डोंबिवली