उंदराचा मेंदू मुळात नीट घडला होता का?

संपादक महोदय,

‘उंदरांमधला अल्झायमर औषधाने हटला’ अशा बातम्या अधूनमधून झळकतात. त्यात उंदराच्या जातीचा उल्लेखही नसतो, आणि खरी मेख तिथेच असते.

अल्झायमरच्या संशोधनासाठी घडवलेल्या ‘फाइव्ह-एक्स-एफएडी’ जातीच्या उंदरात एपीपी जनुकातली ३ आणि प्रेसेनिलिन-१ जनुकातली २ उत्परिवर्तने (आजार आणणारे बदल) एकत्र कोंबलेली असतात. दोनेक महिन्यांतच, म्हणजे उंदीर जेमतेम वयात येताना, मेंदूत अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये गुठळ्या होणारे प्रथिन, साचू लागते. म्हातारपणाच्या आजाराचे हे प्रतिरूप!

एपीपी प्रथिन कापून त्यातून अमायलॉइड मोकळे करणाऱ्या गॅमा-सिक्रिटेज या विकराचा (एन्झाइमचा) गाभा म्हणजे प्रेसेनिलिन. तेच विकर पेशीवरचे नॉच हे ग्राही (संदेश टिपणारे) प्रथिनही कापते. गर्भाच्या मेंदूतल्या मूळपेशींनी विभागत राहायचे की चेतापेशी बनायचे, हे बरेचसे नॉचच्या संदेशावर ठरते. प्रेसेनिलिन-१ पूर्ण काढलेली पिल्ले जन्माच्या सुमारास दगावतात. त्यामुळे काही जातींत घातलेले जनुक गर्भापासूनच चालू असेल, तर प्रौढ उंदीर भूलभुलैयात चुकतो तो अमायलॉइडमुळे की घडणीतल्या दोषामुळे, हे चाचणीवरून कळत नाही.

यावर तोड आहे. डॉक्सिसायक्लिन हे औषध देत असेपर्यंत बंद राहणारे जनुक वापरायचे. गाभण मादीच्या खाद्यात औषध सुरू करून पिल्लांनी दूध सोडल्यावर थांबवायचे. पण हे प्रतिजैविक आहे, आतड्यातले जिवाणू बदलते, मेंदूतल्या मायक्रोग्लिया या संरक्षक पेशींवरही परिणाम करते. म्हणून तुलनेच्या उंदरांनाही तेच खाद्य हवे, आणि ते उंदीर त्याच वेतातले हवेत.

बातमीत उंदराची जात, वय आणि जनुक केव्हा सुरू झाले एवढे तरी छापावे. दोन ओळी पुरतात.