पहिली शाल तुझी तुलाच

प्रिय मनू,

तुझी यादी वाचली, रूममेटला टोपी, लॅबमधल्या दोघींना टोप्या, गाइडच्या बायकोला शाल, ताईच्या बाळाला टोपडं आणि मला लेसची शाल, आणि हे सगळं म्हणे डिसेंबरच्या सुट्टीच्या आत, आणि त्यात तुझं स्वतःचं नाव कुठेच नाही. तू सुया हातात घेतल्यास याचा मला किती आनंद झालाय ते फोनवर सांगता आलं नाही म्हणून हे लांबलचक टाइप करतेय. पण मनू, पहिली शाल स्वतःसाठी विण. बाकीच्यांचं नंतर.

मी डोंबिवली ते सीएसएमटी लेडीज डब्यात इतकी वर्षं विणलं, आमच्या ग्रुपमधली प्रत्येकजण विणायची, कुणाची नणंद बाळंत होणार, कुणाचा भाचा दिल्लीला, कुणाच्या सासूबाई नाशिकला थंडीत कुडकुडतात, त्यांच्यासाठी. स्वतःसाठी कुणी विणत नव्हतं, मुंबईच्या हवेत लोकर घालणार कोण असंच सगळ्या म्हणायच्या. रिटायर झाल्यावर मी माझ्यासाठी शाल घेतली विणायला, मोतिया रंगाची, फुले नाट्यगृहात एसीत नाटक बघताना घ्यायला, आणि तेव्हा मला कळलं की आपण विणलेली वस्तू वापरून बघितल्याशिवाय अर्ध्या गोष्टी कळतच नाहीत. कड सैल पडली का, लोकर मानेला टोचते का, धुतल्यावर किती लांबते, खांद्यावरून घसरते का, हे भेट दिलेल्या माणसाला आपण विचारू शकत नाही गं, विचारलं तरी ते छान आहे हेच म्हणणार. स्वतःच्या अंगावर घेतली की सगळं कळतं. शिवाय भेटीला तारीख असते, तारीख आली की हात घाई करतो, आणि जाळीच्या विणीत घाई अजिबात चालत नाही.

आधी टोपीचं सांगते कारण ते सोपं आहे. तुमच्या अमेरिकेतले सुयांचे नंबर आपल्या उलट चालतात हे लक्षात ठेव, आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक, १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर आणि ८ नंबर म्हणजे ४, आणि तिकडची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते, म्हणून नंबर सोड आणि मिलिमीटर बघ. टोपी डोक्यापेक्षा ५ सेंमी कमी घेरात विणायची, ती ताणून बसते. आधी १० सेंमीचा तुकडा विणून त्यात टाके मोज. समजा २२ आले आणि डोकं ५६ सेंमी, तर ५१ सेंमीला साधारण ११२ टाके. ११२ ला ४ नेही भाग जातो आणि ८ नेही, म्हणून खालची पट्टी दोन सुलट दोन उलट बरोबर बसते आणि वर ८ भाग करून घटवता येतं, प्रत्येक भागात १४ टाके. गोल सुईवर, म्हणजे वायरने जोडलेल्या दोन सुयांवर, विणशील तर पट्टीनंतर सगळं सुलटच. एकूण १३-१४ सेंमी झालं की एक गोल (म्हणजे एक पूर्ण फेरा) आड प्रत्येक भागाच्या शेवटी दोन टाके एकत्र कर, ८ टाके उरले की लोकर तोडून मोठ्या सुईने त्यातून ओवून घट्ट ओढ. वर कमी टाके राहिले की गोल सुईवर पुरत नाहीत, तेव्हा दोन्ही बाजूंनी टोकं असलेल्या चार-पाच छोट्या सुया मिळतात त्या घे. १०० ग्रॅमच्या एका गुंड्यात मोठ्यांची टोपी आरामात होते.

आता शाल. तू मला दाखवलेला तो कोळ्याच्या जाळ्याइतका तलम पॅटर्न आत्ता नको. ती लोकर १०० ग्रॅमला ८०० मीटर असते, नवीन हाताला टाका दिसत पण नाही. तू १०० ग्रॅमला ४०० मीटरवाली घे, सुया ४ मिलिमीटरच्या, आणि लाटांची वीण कर, १८ टाक्यांची आहे. एक ओळ सुलट, एक उलट, तिसऱ्या ओळीत तीनदा दोन-दोन टाके एकत्र, मग सहा वेळा लोकर पुढे घेऊन एक सुलट, परत तीनदा दोन-दोन एकत्र, आणि चौथी ओळ सुलट. झालं, चारच ओळी. लोकर पुढे घेतलीस की एक टाका वाढतो आणि भोक पडतं, दोन एकत्र केले की एक कमी होतो, इथे सहा वाढले सहा कमी झाले म्हणून १८ चे १८ च राहतात. सगळी जाळी या हिशोबावर चालते, म्हणून ओळ संपली की टाके मोजायचे, चुकलं तर तिथेच कळतं. १८-१८ टाक्यांच्या चार लाटा आणि दोन्हीकडे कडेचे तीन-तीन असे ७८ टाके घाल, छान रुंद स्टोल होईल. कडेचे तीन टाके दोन्ही बाजूंनी कायम सुलट ठेव म्हणजे गुंडाळणार नाही. आणि त्या चार ओळी दोनदा झाल्या की दरवेळी वेगळ्या रंगाचा गुळगुळीत कॉटनचा दोरा सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून ओवून तसाच सोडून दे, पुढे काही उसवायची वेळ आली तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवतं, टाके तिथे धरलेले असतात. शेवटी बंद करताना एक साइज जाड सुई वापर, नाहीतर कड आवळते आणि शाल पसरतच नाही.

तुला गोल शाल आवडत असेल तर ती पुढच्या वेळी कर, तिचा पॅटर्न तुमच्याच विस्कॉन्सिनमध्ये राहिलेल्या एलिझाबेथ झिमरमन यांनी लिहिला, १९१० ला इंग्लंडमध्ये जन्मल्या आणि १९९९ ला गेल्या, गोल सुईवर विणायला अमेरिकेतल्या बायकांना त्यांनी आग्रहाने शिकवलं. तुला आवडेल कारण त्यात गणित आहे. त्रिज्या दुप्पट झाली की परीघ दुप्पट होतो ना, मग टाके पण तेव्हाच दुप्पट करायचे, मधे काहीच वाढवायचं नाही. ९ टाक्यांपासून १८, मग ३ गोल साधे, ३६, मग ६ गोल, ७२, मग १२, १४४, मग २४, असं. मधल्या साध्या गोलांत हवी ती जाळी भरायची. मला हे समजलं तेव्हा मी बाबांना वहीत वर्तुळं काढून दाखवली होती.

शाल विणून झाली की सुरुवातीला चुरगळलेल्या फडक्यासारखी दिसते, घाबरू नकोस. कोमट पाण्यात अर्धा तास भिजव, पिळू नको, टॉवेलमध्ये गुंडाळून दाब, आणि मग जुन्या गादीवर ताणून पिनांनी टोचून पूर्ण वाळू दे. लाटा उघडतात आणि शाल लांबी-रुंदीला चांगलीच वाढते. पण हे खऱ्या लोकरीचंच होतं, ॲक्रिलिक पाण्याने तसं ताणलेलं राहत नाही, म्हणून शालीला खरी लोकर घे, दोन पैसे जास्त गेले तरी चालेल.

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, तिथल्या उन्स्ट बेटावरच्या बायका एवढ्या तलम शाली विणायच्या की अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता यायची. आणि माहितीये का, व्यापारी त्यांना रोख पैसे न देता दुकानातला चहा, कापड असा माल द्यायचे, त्यावर १८७२ मध्ये सरकारी चौकशी पण झाली होती. वाचून मला फार लागलं. एवढं डोळे फोडून केलेलं काम आणि ती बाई मात्र साध्या जाड शालीत. म्हणून पण तुला सांगतेय, तू विणतेस तर पहिली तुझ्या खांद्यावर पडू दे, तिथे मेंडोटा तलाव गोठतो तेव्हा तुझे कान लाल झालेले व्हिडिओ कॉलवर दिसतात मला.

भेटींचं म्हणशील तर ज्याला द्यायचं तो धुणार कसा हे आधी बघ. खरी लोकर मशीनमध्ये गेली की आटून नमद्यासारखी घट्ट होते, परत काही होत नाही. ताईच्या बाळाला मशीनमध्ये टाकता येईल अशीच लोकर घे किंवा कॉटन, बाळाची आई हाताने कधी धुणार. जाळीची वीण बाळाला नको, बोटं अडकतात भोकांत, आणि गळ्याशी बांधायच्या नाड्या पण नको. आपल्याकडे बाळाला दिवसरात्र कानटोपी असते पण तिकडचे डॉक्टर घरात झोपवताना टोपी घालू नका म्हणतात, ते ताईला माहीत असेलच, तू फक्त बाहेर न्यायची म्हणून दे. गाइडच्या बायकोची शाल या वर्षी सोड, तिला टोपीच दे, टोपी चार संध्याकाळींत होते आणि कुणालाही उपयोगी पडते. आणि एकदा दिली की ती घालतात की नाही हे बघत बसायचं नाही, फोटो मागायचा नाही, मी कधीच मागितला नाही.

माझी शाल पुढच्या वर्षी कर, तोपर्यंत माझी मोतिया आहे.

आता रूममेटच्या डोक्याचं माप सेंटीमीटरमध्ये पाठव, कपाळावरून आणि कानांच्या वरून टेप फिरवून, आणि १० सेंमीच्या तुकड्यात तुझे किती टाके येतात ते पण, मी टाके काढून देते. रंग कुठलाही घे पण पहिल्या शालीला काळा आणि गडद निळा नको, रात्रीच्या लाइटमध्ये टाके दिसत नाहीत. दुकानात गेलीस की तिथूनच व्हिडिओ कॉल कर, आपल्याकडे रात्र असली तरी चालेल, मी जागी असते.

तुझी,
आई