निर्यातीवरचे प्रबंध आणि ३८४ चा आकडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव भागात वाणिज्य किंवा व्यवस्थापनात पीएच.डी. करायची म्हटली की लघुउद्योग, निर्यात, नवउद्योजक यांपैकी एखादा विषय सिनॉप्सिसमध्ये हमखास दिसतो. त्यात गैर काही नाही. उद्यमबाग-मच्छेतल्या फाउंड्र्या, हत्तरगीचे विमान-सुट्या भागांचे कारखाने, अथणी-निपाणीचा चप्पल व्यवसाय, खानापूर-चंदगडचे काजू कारखाने असे सगळे दाराशीच आहे. तरीही यातले फारच थोडे काम आंतरराष्ट्रीय उद्योजकता या शाखेच्या नावाजलेल्या नियतकालिकांपर्यंत पोचते. ‘मुलांचे इंग्रजी कच्चे’ हे कारण आपल्याकडे तयारच असते. आमच्या मते दोष कोर्सवर्कमध्ये, म्हणजे पीएच.डी.च्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमात आहे.

प्रबंधातला नमुन्याचा आकडा पाहा. तो बहुतेक वेळा ३८४ असतो. क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० मध्ये दिलेल्या तक्त्यातली ही संख्या मोठ्या समूहासाठी आहे, तीसुद्धा यादृच्छिक निवड केली असेल आणि एखादे प्रमाण पाच टक्क्यांच्या फरकाने काढायचे असेल तर. निर्यातदारांची यादी ६० जणांची असेल तर त्याच तक्त्यात ५२ लिहिले आहे. पण ३८४ भरायचेच म्हणून किराणा दुकानदार, एजंट, विद्यार्थी यांच्याकडूनही फॉर्म भरून घेतले जातात आणि प्रबंधाचे नाव मात्र ‘निर्यातक्षम उद्योजक’ असते. मग एकाच बैठकीत, एकाच माणसाने पाचपैकी गुण देऊन कारणही सांगितले आणि परिणामही. अशा उत्तरांतला परस्परसंबंध बऱ्याचदा त्या माणसाच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीचा असतो. परीक्षक पहिला आक्षेप इथेच घेतात.

आंतरराष्ट्रीय उद्योजकता या शाखेचा मूळ प्रश्न काळाचा आहे: उद्योग परदेशी बाजारात कधी उतरतो? योहान्सन आणि वाल्ने यांनी १९७७ मध्ये स्वीडनच्या कंपन्यांवरून मांडले की उद्योग पायरीपायरीने परदेशात जातो. ओविएट आणि मॅकडूगल यांनी १९९४ मध्ये याला छेद दिला. काही उद्योग जन्मापासूनच परदेशी बाजारासाठी असतात, असे त्यांचे म्हणणे. पुढे अशा ‘जन्मजात जागतिक’ उद्योगांसाठी ‘स्थापनेपासून तीन वर्षांत विक्रीचा २५ टक्के हिस्सा निर्यातीचा’ असा ठोकताळा रूढ झाला. म्हणजे संशोधकाला दोन तारखा अचूक हव्यात, स्थापनेची आणि पहिल्या निर्यातीची. आपल्याकडचे काम नेमके इथेच फसते.

समजा, एखादी फाउंड्री वडिलांच्या नावावर प्रोप्रायटरी होती, पुढे भागीदारी झाली, मग प्रायव्हेट लिमिटेड. कंपनी झाली की पॅन नवा, आणि आयईसी (आयात-निर्यातीसाठीचा सरकारी क्रमांक) पॅनला जोडलेला म्हणून तोही नवा. कंपनी निबंधकाकडची तारीख घेऊन बसलात तर तीस वर्षे जुनी फाउंड्री ‘जन्मजात जागतिक’ ठरते. बरे, प्रोप्रायटरी आणि साध्या भागीदारीतले उद्योग तर त्या नोंदीत नसतातच. आपल्याकडचे कितीतरी छोटे कारखाने याच प्रकारचे आहेत, त्यामुळे विकतच्या कंपनी-डेटाबेसवर विसंबता येत नाही. जुने लेटरहेड, वीजजोडणीचे कागद, भागीदारीचा करारनामा अशी साखळी जुळवावी लागते.

पहिल्या निर्यातीचे त्याहून कठीण. कास्टिंग बेळगावात ओतले, मशीनिंग कोल्हापुरात झाले आणि शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टमकडे द्यायचा कागद) निघाले तिथल्या कारखान्याच्या नावावर. ‘तुम्ही निर्यात करता का?’ या प्रश्नाला अशा दोन कारखानदारांपैकी एक ‘हो, चाळीस टक्के’ म्हणतो, दुसरा ‘नाही’ म्हणतो. व्यवहार मात्र सारखाच. प्रश्न असे हवेत: शिपिंग बिलावर नाव कोणाचे? आयईसी कोणाचा? पैसे कोणत्या चलनात, कोणाच्या खात्यावर आले? मालकाच्या आठवणीवर भिस्त न ठेवता पहिले इनव्हॉइस, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल मिळाल्याची पावती) आणि बँकेचे वसुली प्रमाणपत्र पाहावे. मूळ कागद मागू नयेत. ग्राहकाचे नाव आणि दर झाकून तारीख तेवढी टिपून घेतो म्हटले की दारे लवकर उघडतात. प्रश्नावली मराठी, कन्नड, इंग्रजी अशी तिन्ही भाषांत हवी आणि दुसऱ्याच माणसाकडून पुन्हा मूळ भाषेत उलट भाषांतर करून ताडून घेतलेली हवी.

सीमाभागाची म्हणून एक अडचण आहेच. एकाच घरातला एक कारखाना उद्यमबागेत असतो, दुसरा शिनोळीला महाराष्ट्र हद्दीत. जिल्हा उद्योग केंद्राची यादी घेतली की अर्धे घर बाहेर राहते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांचे आहे. पण चपलेवरचे प्रबंध तालुका-जिल्ह्याची कुंपणे घालून लिहिले जातात.

आता कोर्सवर्क. २०२२ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमांनुसार ते किमान १२ क्रेडिटचे, त्यात संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचे दोन. उरलेल्या दहांपैकी चार वाचनाला द्यावेत. आठवड्याला तीनच निबंध, प्रत्येकावर एक पान टिपण: प्रश्न काय, दावा काय, आणि काय सापडले तर हा दावा कोसळेल? चार संख्याशास्त्राला. एसपीएसएस या सॉफ्टवेअरची बटणे दाबणे म्हणजे संख्याशास्त्र नव्हे. ‘आर’ हे संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर तर फुकट आहे. पहिल्या निर्यातीपर्यंतचा काळ मोजायचा तर सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस यायला हवे, कारण ज्यांनी अजून निर्यात केलेली नाही तेही हिशेबात धरावे लागतात. उरलेले दोन कागदपत्रे वाचण्याला, शक्यतो एखाद्या कस्टम एजंटच्या किंवा सीएच्या टेबलाशेजारी बसून. जागतिक बँकेच्या एंटरप्राइझ सर्व्हेची आकडेवारी नोंदणी करून मोफत मिळते. तिच्यावरून छापून आलेला एखादा निष्कर्ष पहिल्याच सत्रात पुन्हा काढून दाखवायला लावावा. निष्कर्ष जुळला नाही तर का जुळला नाही, हे शोधताना विद्यार्थी सर्वांत जास्त शिकतो.

प्रबंधाआधी निबंध छापण्याची सक्ती २०२२ मध्ये गेली, तेव्हा अनेकांनी सुटकेचा श्वास टाकला. नोकरीच्या मुलाखतीत मात्र ‘काय छापलंय?’ हा प्रश्न कायम आहे. चांगल्या नियतकालिकाच्या परीक्षणात वर्ष-दीड वर्ष सहज जाते, म्हणून पहिला मसुदा तिसऱ्या वर्षीच बाहेर पडायला हवा. यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादीही बंद केली आहे. पैसे भरले की आठवड्यात छापणारी दुकाने ओळखणे आता गाइडच्याच गळ्यात आहे, आणि काही गाइडांचीच नावे तिथे सापडतात, हेही लिहायला हवे.

आणखी एक विनंती उद्योजक संघटनांना. चालू निर्यातदारांनाच भेटून ‘यशाची कारणे’ काढली तर तीच कारणे असूनही बुडालेले उद्योग दिसत नाहीत. त्यांचा माग फक्त संघटनांच्या जुन्या सभासद-रजिस्टरांत आहे. ती रद्दीत जाण्याआधी स्कॅन करून, कोणते युनिट कोणत्या साली बंद पडले या नोंदीसह, विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यावीत.

— वाणिज्य व व्यवस्थापन विषयांचे काही पीएच.डी. मार्गदर्शक, बेळगाव